तुतीच्या पानावरची धूळ आणि लुई पाश्चर

दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द तुम्ही रोज पाहता. तो शब्द ज्यांच्या नावावरून आला, ते फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर आपल्याला मुख्यतः पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरील लसीमुळे माहीत असतात. पण याच माणसाने आयुष्यातली पाच वर्षे प्रत्येक उन्हाळी हंगामात तुतीची पाने, रेशीम कीटक आणि संगोपनगृहातली धूळ यांच्यात घालवली, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

तुम्ही रेशीम शेती करत असा, द्राक्ष घेत असा किंवा जनावरांना लसूणघास कापून घालत असा, या माणसाचे काम थेट तुमच्या कामाशी जोडलेले आहे. पान वरून हिरवे आणि स्वच्छ दिसले तरी त्यावर सूक्ष्मजीव असतात. ते कोणते आणि किती असतील, हे त्या पानाभोवतीची हवा, धूळ आणि माणसांची वस्ती यांवर बरेचसे ठरते. पाश्चर यांचे आयुष्य पाहिले की ही गोष्ट टप्प्याटप्प्याने कशी उलगडली, ते समजते.

चामडे कमावणाऱ्याच्या घरातला मुलगा

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधील डोल या गावी झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यात होते. सैन्यातून परतल्यावर ते चामडे कमावण्याचा व्यवसाय करत. पुढे कुटुंब आर्ब्वा या द्राक्षबागांच्या गावी स्थायिक झाले. लहानपणी लुई चित्रे फार चांगली काढत. शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले आणि रसायनशास्त्राकडे वळले. स्फटिकांवरील संशोधनामुळे पंचविशीतच त्यांचे नाव झाले.

१८५४ मध्ये ते उत्तरेकडील लील या औद्योगिक शहरात प्राध्यापक म्हणून गेले. तिथे बीटच्या रसापासून अल्कोहोल काढणारे कारखाने होते. एका कारखानदाराचा माल वारंवार बिघडत होता. पाश्चर यांनी रसाचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिले. चांगल्या रसात गोलसर यीस्ट होते, आंबट झालेल्या रसात काडीसारखे बारीक जीव होते. दूध आंबते, दारू बनते, व्हिनेगर होते, या प्रत्येक बदलामागे वेगळा सूक्ष्मजीव असतो, हे त्यांनी पुढच्या काही वर्षांत दाखवून दिले.

मग प्रश्न उरला तो हे जीव येतात कुठून? त्या काळी अनेक जाणकारांचे मत होते की सडणाऱ्या पदार्थातून ते आपोआप तयार होतात. पाश्चर यांना ते मान्य नव्हते. ते हवेतल्या धुळीबरोबर येतात, असे त्यांचे म्हणणे होते. पण म्हणणे वेगळे आणि दाखवणे वेगळे.

शहराची हवा आणि डोंगराची हवा

१८५७ मध्ये पाश्चर पॅरिसला परतले. सुरुवातीची प्रयोगशाळा म्हणजे माळ्यावरच्या अडचणीच्या खोल्या. तिथे त्यांनी रासायनिक प्रक्रिया केलेल्या कापसाच्या बोळ्यातून बाहेरची हवा ओढून घेतली. मग तो कापूस द्रवात विरघळवला आणि खाली बसलेली धूळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. धुळीत बुरशीच्या बीजाणूंसारखे दिसणारे अनेक कण होते. म्हणजे आपण ज्याला नुसती धूळ म्हणतो, तिच्यातही जीव होते.

यानंतर १८६० मध्ये त्यांनी जो प्रयोग केला, तो आजही शाळेत शिकवावा इतका सोपा आहे. काचेच्या फुग्यासारख्या बाटल्यांत यीस्टचे पाणी भरायचे, ते उकळायचे आणि उकळत असतानाच बाटलीचे निमुळते तोंड वितळवून बंद करायचे. आत जिवंत काही उरत नाही आणि हवाही नसते. मग हव्या त्या ठिकाणी बाटली डोक्याच्या वर धरून, तापवलेल्या चिमट्याने टोक मोडायचे. आवाज करत हवा आत शिरते. लगेच तोंड पुन्हा वितळवून बंद करायचे आणि काही दिवस वाट पाहायची.

पॅरिसच्या वेधशाळेच्या अंगणात त्यांनी ११ बाटल्या उघडल्या. सगळ्या बिघडल्या. त्याच वेधशाळेच्या खोल तळघरात, जिथे हवा हलत नाही आणि धूळ खाली बसलेली असते, तिथे १० बाटल्या उघडल्या. त्यांतली फक्त १ बिघडली. मग ते आपल्या आर्ब्वा गावाकडे गेले. डोंगराच्या पायथ्याशी, वस्तीपासून दूर २० बाटल्या उघडल्या, ८ बिघडल्या. सुमारे ८५० मीटर उंचीच्या डोंगरावर २० उघडल्या, ५ बिघडल्या. शेवटी खेचरावर बाटल्या लादून ते आल्प्समधल्या मेर द ग्लास या हिमनदीवर, सुमारे २००० मीटर उंचीवर गेले. तिथे २० पैकी फक्त १ बिघडली.

या प्रवासातली एक अडचण सांगण्यासारखी आहे. हिमनदीवर पहिल्या दिवशी वारा होता आणि बर्फावरून परतणाऱ्या उन्हात दिव्याची ज्योतच दिसेना. उघडलेल्या बाटल्यांची तोंडे बंद करता आली नाहीत. त्या तशाच डोंगरावरच्या मुक्कामाच्या घरात रात्रभर राहिल्या आणि बहुतेक बिघडल्या. खालच्या शामोनी गावातल्या पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून दिवा दुरुस्त करून घेतल्यावर दुसऱ्या दिवशी प्रयोग जमला. म्हणजे उंची तीच, पण बर्फावरची मोकळी हवा वेगळी आणि माणसांच्या राबत्या खोलीतली हवा वेगळी.

या आकड्यांचा अर्थ लावताना एक मर्यादा ध्यानात ठेवा. बाटलीतल्या पाण्यात जे जीव वाढू शकले तेवढेच पाश्चर यांना दिसले, बाकीचे दिसलेच नाहीत. तरीही मुख्य मुद्दा पक्का झाला. हवेतले जीव सगळीकडे सारखे नसतात. शहराच्या अंगणात जास्त, मोकळ्या शेतात कमी आणि बर्फाच्या डोंगरावर अगदी थोडे. आता हीच हवा दिवसरात्र झाडांच्या पानांवरून वाहते, हे लक्षात घेऊन पुढची गोष्ट वाचा.

तुतीच्या प्रदेशात

दक्षिण फ्रान्समधील सेव्हेन डोंगररांगांच्या भागात तेव्हा घरोघर रेशीम कीटक पाळले जात. तुतीला तिथले लोक सोन्याचे झाड म्हणत. १८५३ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे २ कोटी ६० लाख किलो कोषांचे उत्पादन झाले होते. १८६५ पर्यंत ते सुमारे ४० लाख किलोवर आले. अळ्यांच्या अंगावर मिरपूड टाकल्यासारखे काळे ठिपके पडत, त्या नीट कात टाकत नसत, खाणे सोडत आणि मरत. या ठिपक्यांवरून रोगाला पेब्रीन नाव पडले होते. लोकांनी गंधकाची धुरी दिली, कोळशाची पूड टाकली, परदेशातून अंडी आणली. काही उपयोग होत नव्हता. कर्ज काढून आणलेली अंडी फुकट जात होती आणि शेतकरी तुतीची झाडे तोडू लागले होते.

पाश्चर यांचे गुरू रसायनशास्त्रज्ञ द्युमा त्याच भागातले होते. त्यांनी पाश्चर यांना तिकडे जाण्याचा आग्रह केला. पाश्चर यांनी तोवर रेशीम कीटक हातातही घेतला नव्हता. वाटेत ते आव्हिन्यों गावी कीटकांचे अभ्यासक फाब्र यांना भेटले. त्यांनी कोष कानाशी हलवून पाहिला आणि आत काही आहे का, असे विचारले. आत कोषस्थ अवस्थेतला कीटक असतो, हेही त्यांना ठाऊक नव्हते. फाब्र चकित झाले. पण माहीत नाही ते उघडपणे विचारायचे आणि मग स्वतः पाहायचे, ही पाश्चर यांची रीत होती.

जून १८६५ मध्ये ते आलेस गावी पोहोचले. थोड्याच दिवसांत वडील वारले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोन वर्षांची मुलगी कामिय गेली. पुढच्या मे महिन्यात बारा वर्षांची सेसील विषमज्वराने गेली. थोरली मुलगी जान त्याच रोगाने १८५९ मध्येच गेली होती. या दुःखातही हंगाम आला की ते आलेसला जात राहिले. पत्नी मारी आणि उरलेली मुलगी मारी-लुईज याही तिथे तुतीची पाने गोळा करत, अंडी निवडत.

पहिली चूक आणि योग्य उपाय

रोगट अळ्यांच्या आणि पतंगांच्या शरीरात सूक्ष्मदर्शकाखाली अंडाकृती चकाकणारे कण दिसत. आधीच्या अभ्यासकांनीही ते पाहिले होते. सुरुवातीला पाश्चर यांना वाटले की हे कण रोगाचे कारण नसून परिणाम आहेत. ही त्यांची चूक होती आणि ती सुधारायला जवळपास दोन वर्षे गेली.

पण उपाय त्यांनी पहिल्याच हंगामात योग्य सुचवला. अंडी बघून रोग कळत नाही, म्हणून आईला तपासायचे. प्रत्येक मादी पतंगाला वेगळी ठेवून अंडी घालू द्यायची. नंतर तिला खलात पाण्याबरोबर वाटून तो थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. कण दिसले तर तिची सगळी अंडी जाळायची, नाही दिसले तर ती वापरायची. आज तुम्ही जे रोगमुक्त अंडीपुंज आणता, त्यांच्या मागे मादी पतंग तपासण्याची हीच पद्धत आहे.

कणच रोग पसरवतात, हे पानांवरून सिद्ध झाले. त्यांचे सहकारी झेर्ने यांनी आणि नंतर स्वतः पाश्चर यांनी रोगट अळी पाण्यात वाटली, ते पाणी ब्रशने तुतीच्या पानाला लावले आणि ते पान निरोगी अळ्यांना घातले. अळ्यांना रोग झाला. शेजारच्या खोक्यातल्या, साध्या पाण्याने ओले केलेले पान खाणाऱ्या अळ्या नीट राहिल्या. रोगट अळीची विष्ठा पानावर पडली तरी तोच परिणाम होई. पान हे रोगाचे वाहन होते. ते कण म्हणजे एक परजीवी सूक्ष्मजीव, हे आता पक्के ठाऊक आहे.

निरोगी अंडी, तरी मेलेल्या अळ्या

१८६७ मध्ये मोठा धक्का बसला. कण नसलेल्या पतंगांच्या अंड्यांतून निघालेल्या काही तुकड्याही मरू लागल्या. अळ्या शिथिल पडत, पाने खाणे थांबवत, मेल्यावर काळ्या आणि मऊ होत आणि दुर्गंधी सुटे. त्यांच्या शरीरात कण नव्हते. सगळी मेहनत चुकली की काय, असे वाटण्याची ती वेळ होती.

पाश्चर यांनी मेलेल्या अळ्यांचे आतडे उघडून पाहिले. त्यात अर्धवट पचलेले तुतीचे पान होते आणि हालचाल करणारे काडीसारखे जिवाणू व साखळीसारखे जोडलेले गोल जिवाणू भरलेले होते. मग त्यांनी ताजी तुतीची पाने वाटून, पाणी घालून तशीच ठेवली. ती आंबली तेव्हा त्यांत त्याच प्रकारचे जीव दिसले. म्हणजे जे पान बाहेर आंबते, तेच अळीच्या पोटातही आंबत होते. निरोगी अळी ते जिवाणू पचवून टाकते. अळी अशक्त असेल, गर्दी असेल, हवा कोंडलेली असेल किंवा पान ढिगात तापलेले आणि ओले असेल, तर जिवाणू वरचढ ठरतात. हा पेब्रीनहून वेगळा रोग होता. तोच आपण आज फ्लॅचरी म्हणून ओळखतो.

मग धुळीचा प्रयोग झाला. आदल्या वर्षी रोगाने बसलेल्या संगोपनगृहातली कोरडी धूळ त्यांनी तुतीच्या पानांवर भुरभुरली आणि ती पाने निरोगी अळ्यांना घातली. अळ्या फ्लॅचरीने मेल्या. वर्षभर कोरडी पडलेली धूळसुद्धा रोग घेऊन जिवंत होती. पॅरिसच्या अंगणात बाटल्या बिघडवणारी धूळ आणि तुतीच्या पानावरून अळीच्या पोटात जाणारी धूळ, या दोन्हींचा धागा इथे जुळला.

पुढच्या संशोधनाने यात भर घातली आहे. फ्लॅचरीत काही वेळा आधी विषाणू आतडे दुबळे करतो आणि मग जिवाणू वाढतात. विषाणू पाश्चर यांच्या सूक्ष्मदर्शकाला दिसणे शक्य नव्हते. पण घाणेरडे, तापलेले, ओले पान आणि कोंडलेली हवा टाळा, हा त्यांचा सल्ला आजही तसाच लागू आहे.

अर्धे शरीर लुळे, तरी पुन्हा हंगाम

१९ ऑक्टोबर १८६८ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, पाश्चर यांना पक्षाघात झाला. शरीराची डावी बाजू लुळी पडली. ते जगतील की नाही, अशी स्थिती होती. आठवडाभरातच त्यांनी बिछान्यावरून झेर्ने यांना फ्लॅचरीबद्दलचे टिपण सांगून लिहून घेतले. जानेवारी १८६९ मध्ये, धड चालता येत नसताना, ते पुन्हा दक्षिणेकडे निघाले. डावा हात आणि पाय पूर्ववत कधीच झाले नाहीत. पुढचे सगळे मोठे काम त्यांनी याच अवस्थेत केले.

त्यांच्या पद्धतीवर शंका घेणारेही बरेच होते. ल्यों शहरातील रेशीम समितीने परीक्षेसाठी अंडी मागितली. पाश्चर यांनी चांगल्या अंड्यांसोबत मुद्दाम रोगट अंड्यांच्या तुकड्याही पाठवल्या आणि कोणत्या तुकडीचे काय होईल ते आधीच लिहून दिले. कोणती चांगली निघेल, कोणती पेब्रीनने मरेल, कोणती फ्लॅचरीने आणि कोणती दोन्हींनी. हंगामाअखेर निकाल तसाच आला. पुढच्या वर्षी त्रिएस्तजवळच्या एका मोठ्या मळ्यावर, जिथे दहा वर्षे रेशीम तोट्यात होते, त्यांच्या पद्धतीने नफा झाला. १८७० मध्ये रेशीम कीटकांच्या रोगांवरचा त्यांचा ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध झाला.

द्राक्षाच्या मण्यावर यीस्ट कुठून येते

द्राक्ष बागायतदारांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा. द्राक्षाचा रस काही न घालता आंबतो. ते यीस्ट मण्याच्या आत तयार होते की बाहेरून येते, यावर १८७८ मध्ये वाद पेटला. पाश्चर यांनी आर्ब्वाजवळच्या आपल्या छोट्या द्राक्षबागेत काही वेलींवर काचेची घरे उभारली. मण्यात पाणी उतरण्याच्या कितीतरी आधी, जेव्हा घडांवर यीस्ट आलेले नव्हते, तेव्हा त्यांनी वेली झाकून टाकल्या. काही घड तापवून निर्जंतुक केलेल्या कापसात गुंडाळले.

ऑक्टोबरमध्ये द्राक्ष पिकले. काचेखालच्या आणि कापसातल्या घडांचा रस काढून ठेवला, तो आंबला नाही. शेजारच्या उघड्या वेलींच्या घडांचा रस नेहमीप्रमाणे आंबला. मग काचेखालचे काही घड उघड्या वेलींवर टांगले, तेव्हा त्यांचाही रस आंबू लागला. मणी आतून स्वच्छ होता. यीस्ट बाहेरून, हवा आणि बागेतून, सालीवर येऊन बसत होते.

चाऱ्यावरचा रोग

याच काळात पाश्चर काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्सवर काम करत होते. आपल्याकडे याला फाशी असेही म्हणतात. काही शेतांत मेंढ्या वर्षानुवर्षे मरत. पाश्चर यांना दिसले की मेलेली जनावरे जिथे पुरली, तिथल्या वरच्या मातीत रोगाचे बीजाणू होते. गांडुळे ते वर आणतात, असे त्यांचे मत झाले. त्यांनी लसूणघासावर या जिवाणूंचे पाणी शिंपडून मेंढ्यांना घातले. काही मेंढ्या मेल्या, पण थोड्याच. त्याच चाऱ्यात काटेरी पाने आणि जवाची टोकदार कुसळे मिसळली, तेव्हा मृत्यू वाढले. काट्यांनी तोंडात जखम होई आणि तिथून रोग आत शिरे. म्हणून रोगाने मेलेले जनावर चराईच्या किंवा चाऱ्याच्या जागी पुरायचे नाही, हा सल्ला त्यांनी दिला. १८८१ मध्ये त्यांनी पुई-ल-फोर गावी अँथ्रॅक्सच्या लसीचे जाहीर प्रात्यक्षिक केले. १८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलाला लस देऊन वाचवले. १८८८ मध्ये पॅरिसमध्ये त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसजवळ त्यांचे निधन झाले.

आजचे शहर आणि झाडाचे पान

पाश्चर यांच्याकडे पानावरचे जिवाणू मोजण्याची साधने नव्हती. आज ती आहेत. एका चौरस सेंटिमीटर पानावर साधारण दहा लाख ते एक कोटी जिवाणू असू शकतात, हे आता माहीत आहे. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. पानातून बाहेर पडणाऱ्या मिथेनॉलसारख्या पदार्थांवर जगणारे गुलाबी जिवाणू त्यांत असतात. काही जिवाणू जागा अडवून रोगकारकांना थोपवतात. काही मात्र संधी मिळताच रोग करतात.

कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात सात जातींच्या झाडांच्या पानांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. शहरीकरण जितके दाट, तितके पानावरच्या जिवाणूंचे प्रकार जास्त आढळले. पण जंगलातल्या झाडांच्या पानांवर ज्या गटाचे वर्चस्व असते, त्याचे प्रमाण मात्र घटले होते. वरील गुलाबी जिवाणू याच गटातले. म्हणजे शहरातल्या पानावर प्रकारांची भर पडते, पण झाडाचे नेहमीचे सोबती कमी होतात. प्रकार वाढले म्हणजे झाडाचे भले झाले, असा अर्थ यातून काढू नका. शहरात उष्णता जास्त, रस्त्याची धूळ, वाहनांचा धूर, माणसांची गर्दी आणि एकेकटी उभी असलेली झाडे, असे सगळे वेगळे असते. त्यामुळे पानावर येऊन पडणारे जीवही वेगळे आणि तिथे टिकणारेही वेगळे.

हे तुमच्यापासून लांबचे नाही. गावे वाढत आहेत, शेताला लागून रस्ते होत आहेत, तुतीची बाग कधी वीटभट्टीशेजारी तर कधी महामार्गाकडेला येते. मॉन्ट्रियलचे आकडे तुमच्या बागेला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण पानावर काय येते ते भोवतालावर ठरते, हे तत्त्व तेच आहे.

तुम्ही काय करावे

रेशीम उत्पादकांनी पुढील गोष्टी पाळाव्यात. विस्तार कार्यकर्त्यांनी गावातल्या बैठकीत त्या सांगाव्यात.

१. तुतीची नवीन लागवड रहदारीच्या रस्त्यापासून आणि धूळ उडणाऱ्या जागेपासून दूर करा. बाग आधीच रस्त्याला लागून असेल तर कडेच्या ओळींची धुळकट पाने बाल कीटकांना देऊ नका.

२. पाने सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तोडा. ढीग करून, दाबून ठेवू नका. ढिगात हात घालून पाहा. आतून गरम लागली किंवा आंबूस वास आला तर ती पाने वापरू नका.

३. पावसात भिजलेली किंवा चिखल लागलेली पाने तशीच घालू नका.

४. एक पीक संपले की संगोपनगृह, रॅक आणि साहित्य धुऊन निर्जंतुक करा. कोरडा झाडू मारून धूळ उडवू नका. औषधाचे प्रमाण जिल्हा रेशीम कार्यालयाच्या सल्ल्याने घ्या.

५. मेलेल्या आणि शिथिल अळ्या रोज वेचून जाळा किंवा चुना टाकून खोल पुरा. त्या आणि बेडवरची विष्ठा तुतीच्या बागेत कच्ची टाकू नका.

६. फक्त तपासलेले रोगमुक्त अंडीपुंज घ्या. स्वस्त मिळतात म्हणून अनोळखी अंडी घेऊ नका.

७. शेजारच्या पिकावर बीटी जिवाणूंची फवारणी असेल तर वाऱ्याची दिशा पाहा. बोंडअळीसारख्या अळ्या मारणारा हा जिवाणू रेशीम अळीलाही मारतो. जपानमध्ये १९०१ मध्ये तो सापडला, तोही आजारी रेशीम कीटकातच.

द्राक्ष बागेत तडकलेले आणि सडलेले मणी लगेच काढून टाका, कारण यीस्ट आणि जिवाणू तिथेच सर्वांत वेगाने वाढतात. जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल, तर ते फाडू नका, ओढत नेऊ नका. आधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवा आणि चाऱ्याच्या शेतात ते पुरू नका.

पुढच्या पिकाआधी संगोपनगृहाच्या कोपऱ्यातली धूळ बोटावर घेऊन पाहा. ती उरली असेल तर स्वच्छतेचे काम अजून संपलेले नाही.